किल -९ वरून भांडण: ग्वाल्हेरच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये अडकलेलं काम कॅन्सलने थांबवा, किल -९ ने (म्हणजे प्रोसेसला सवड न देता जागीच मारणाऱ्या कमांडने) नको, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "पोस्टग्रेसचे एवढे लाड कशाला? अडकलेली प्रोसेस किल -९ ने मारायची, ऑटोव्हॅक्यूम आडवा आला तर बंद करायचा. दहा वर्षं हेच करतोय, काही बिघडलं नाही. आणि तुमची ती कॅन्सलची कमांड चालतच नाही." शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे, त्याकडे येतोच. आधीची दोन मला मान्य नाहीत.

किल -९ मीही मारलंय. इथेच इंदूरला, सियागंजातल्या एका ठोक व्यापाऱ्याकडे, ऐन दिवाळीच्या आठवड्यात. एक रिपोर्ट अर्धा तास लटकला होता. त्याचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, शोधला, मारला, चहाचा कप उचलला, तोवर प्रत्येक काउंटरवरून "भिया, बिल अटक गया" सुरू! लॉग उघडला तर डेटाबेस रिकव्हरी मोडमध्ये. मारली होती एक प्रोसेस, गेल्या सगळ्या.

कारण सगळे बॅकएंड, म्हणजे प्रत्येक कनेक्शनमागची प्रोसेस, एकाच शेअर्ड मेमरीत हात घालून बसलेले असतात. -९ मिळालेल्याला आवराआवर करायला सवडच नसते. तो मेमरीत काय अर्धवट टाकून गेला हे पोस्टमास्टरला, म्हणजे या सगळ्यांच्या मुख्य प्रोसेसला, कळणार कसं? म्हणून तो बाकीच्यांनाही घरी पाठवतो, मेमरी नव्याने मांडतो आणि वॉल (बदलांची आधीच लिहून ठेवलेली नोंदवही) वाचून रिकव्हरी करतो. कमिट झालेलं वाचतं, म्हणून तुम्हाला काही बिघडलेलं दिसलं नाही. अर्धी राहिलेली बिलं ज्याने पुन्हा टाइप केली, त्याला विचारून बघा.

ऑटोव्हॅक्यूम म्हणजे टेबलांतल्या जुन्या, मेलेल्या ओळी आपोआप झाडणारा. त्याचा वर्कर मारलात तर लाँचर थोड्या वेळाने दुसरा धाडतो. सेटिंग ऑफ केलंत तरी टेबलाचं वय २० कोटी ट्रान्झॅक्शनच्या पुढे गेलं की रॅपअराउंड (ट्रान्झॅक्शनचे नंबर संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं) टाळायला तो येतोच. एरवी कुणाला लॉक हवा असेल तर बिचारा बाजूला होतो. त्या फेरीत मात्र हटत नाही. म्हणजे रोजचा पाहुणा नको म्हणून तुम्ही एकदाच येणारा जमाई ओढवून घेताय.

आता कॅन्सल. पीजी_कॅन्सल_बॅकएंड चालू क्वेरी थांबवतं. पण पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत, म्हणजे कोण काय करतंय ते दाखवणाऱ्या यादीत, स्टेट "आयडल इन ट्रान्झॅक्शन" (ट्रान्झॅक्शन उघडं, पण काम थांबलेलं) असेल, तर थांबवायला क्वेरीच नसते. उत्तर ट्रू येतं आणि लॉक जिथल्या तिथे. हे लेखात राहून गेलं, चूक माझी. अशा वेळी पीजी_टर्मिनेट_बॅकएंड चालवा. त्यात ती प्रोसेस आपलं ट्रान्झॅक्शन मागे घेऊन, लॉक सोडून बाहेर पडते. शेजारच्यांना धक्का लागत नाही.

बिलाची स्क्रीन उघडी टाकून मुनीमजी कचोरी खायला गेले, हे तुमच्याकडे रोजचंच असेल, तर आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट लावा. ९.६ पासून आहे. मग पीजी_रीलोड_कॉन्फ चालवून सेटिंग पुन्हा वाचायला लावा, सर्व्हर रीस्टार्ट करावा लागत नाही. आधीच लटकलेल्यांना मात्र टर्मिनेटच करा.