करोनाकाळातल्या चेकमुळे अमेरिकेत ओव्हरडोसचे बळी वाढले का?

दावा असा फिरतो: एप्रिल 2020 मध्ये अमेरिकी सरकारने बहुतेक प्रौढांना 1,200 डॉलर दिले, लोकांनी ते ड्रग्जवर उडवले आणि ओव्हरडोसचे मृत्यू 2019 मधल्या 70,630 वरून 2020 मध्ये 91,799 वर गेले. मृत्यूंचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्यांच्यामध्ये घातलेलं कारण मात्र टिकत नाही.

आधी आकडा पाहू. मे 2020 चा 81,230 हा आकडा पुरावा म्हणून दाखवतात. तो एका महिन्याचा नाही. जून 2019 ते मे 2020 या बारा महिन्यांची ती बेरीज आहे. पैसे खात्यात पडू लागले एप्रिलच्या मध्याला, म्हणजे त्यातले सुमारे साडेदहा महिने चेकच्या आधीचे. एप्रिल-मेमध्ये मृत्यू झपाट्याने वाढले, हे खरंच आहे. पण टाळेबंदी, उपचारांत पडलेला खंड आणि एकट्याने नशा करण्याची वेळ याच आठवड्यांत आली. नुसत्या तारखा जुळल्या म्हणून त्यातलं एकच कारण उचलता येत नाही.

‘पैसा आला म्हणून माणसं मेली’ हे खरं असतं, तर पैसा थांबल्यावर आकडा खाली यायला हवा होता. 1,400 डॉलरचा शेवटचा हप्ता मार्च 2021 मध्ये सुरू झाला, बेकारांचा केंद्रीय जादा भत्ता त्याच सप्टेंबरात संपला. मृत्यू मात्र 2021 मध्ये 1,06,699, 2022 मध्ये 1,07,941 आणि 2023 मध्ये 1,05,007.

ब्रिटननेही करोनात काम थांबून घरी बसलेल्यांना पगाराच्या 80 टक्के, महिना कमाल 2,500 पौंड दिले. इंग्लंड-वेल्समध्ये ड्रग्जच्या विषबाधेचे नोंदलेले मृत्यू 4,393 वरून 4,561 झाले, वाढ 3.8 टक्के. अमेरिकेत ती 30 टक्के. इंग्लंड-वेल्समध्ये मृत्यूची नोंद बरीच उशिरा होते, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. तरी एवढी तफावत फक्त नोंदीच्या उशिराने भरून निघत नाही.

खरा फरक अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मालात आहे. फेंटानिल हे अफूसारखा असर करणारं कृत्रिम औषध (ओपिऑइड), हेरॉइनच्या सुमारे पन्नासपट तीव्र. 2 मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतं. बेकायदा गोळ्या बनवताना ते सारखं मिसळलं जात नाही, त्यामुळे एकाच पुडीतल्या एका गोळीत ते जवळपास नसतं आणि दुसरीत मारक मात्रा असते. अमेरिकेत 2020 मधल्या निम्म्याहून अधिक मृत्यूंत फेंटानिलसारखी कृत्रिम ओपिऑइड होती.

दाव्यात एक गोष्ट मात्र खरी आहे, ती लपवू नये. हातात एकदम पैसे आले की लगेचच्या दिवसांत धोका वाढतो. अलास्कात दरवर्षी तेलाच्या निधीतून लाभांश मिळतो. अँकरेजच्या पोलिस नोंदींत त्याच्या दुसऱ्या दिवशी नशेशी संबंधित घटना 14 टक्के वाढलेल्या दिसल्या. मालमत्तेचे गुन्हे 8 टक्के घटले, आणि वर्षभराच्या हिशेबात एकूण बदल किरकोळ होता. काही दिवस नशा तुटली की शरीराची सहनशक्ती घटते; पैसे आल्यावर जुनीच मात्रा घेतली की श्वास थांबतो. पैसे देणाऱ्याने यावरून रक्कम रद्द करायची नसते, तर त्या आठवड्यात नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा असर उतरवणारं औषध, लोकांच्या हाती आहे ना, हे पाहायचं असतं.

ओव्हरडोसने श्वास थांबला तर नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा 4 मिलिग्रॅमचा फवारा, मग आपत्कालीन सेवेला फोन आणि तोंडाने श्वास. दोन-तीन मिनिटांत श्वास सुरू झाला नाही तर दुसरा फवारा, दुसऱ्या नाकपुडीत. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला एकटं सोडू नये: नॅलॉक्सोनचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो, शरीरातलं ओपिऑइड त्यानंतरही उरलेलं असू शकतं, आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो.