‘खेड्यात बसून’ या शब्दांबद्दल

भाऊ, बोटांच्या ठशांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलं: “खेड्यात बसून इकडचं तिकडचं उचलून लिहिता. ठशावरून पहिला खून अर्जेंटिनात उघडकीस आला. जलपायगुडीच्या खटल्यात खुनाची शिक्षा झालीच नव्हती. आणि हक, बोस हे हेन्रीचे नुसते कारकून.” (हेन्री म्हणजे तेव्हाचा बंगालचा पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री.)

अर्जेंटिनाचं मान्य. तिथलं १८९२ सालचं फ्रान्सिस्का रोहास या बाईचं खुनाचं प्रकरण जलपायगुडीच्या आधीचं आहे. ‘जगात पहिल्यांदा’ हे शब्द मी काढून टाकले. बंगालमधल्या जलपायगुडीच्या त्या खून-चोरीच्या खटल्यात फक्त चोरीची शिक्षा झाली, पण ती तिथं सापडलेल्या पंचांगावरच्या ठशावरूनच झाली ना? मग सोडा.

‘खेड्यात बसून’ मात्र मला लागलं. तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगतो. आमचे आबाजी अंगठेबहाद्दर. ते गेल्यावर एका सावकारानं कागद पुढं केला: चार एकर वावर त्याला लिहून दिलेलं, खाली अंगठा. बाबा तारखांना वणीला सायकलनं जायचे. शेवटी दुय्यम निबंधकाकडच्या अंगठ्यांच्या रजिस्टरातला आबाजींचा जुना ठसा काढून ताडून पाहिला, तेव्हा कागदावरचा अंगठा त्यांचा नव्हताच असं निघालं. वावर वाचलं. दस्तनोंदणीत ठसे घ्यायला बंगालमधल्या हुगळीत इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेलनं १८७७ साली सुरुवात केली, हे मी पुढं वाचलं. अंगठ्याची किंमत घरात आधीच कळली होती. हे कुठून उचललं म्हणता?

आणि ‘कारकून’? अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस कलकत्त्याला पोलीस सब-इन्स्पेक्टर होते. हजारो माणसांचे ठसे गोळा झाले, पण त्यातून हवा तो शोधायचा कसा, हा खरा पेच होता. दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. प्रत्येक जोडीत कोणत्या बोटावर चक्र आहे, कोणत्यावर नाही, याच्या चार शक्यता. पाचही जोड्यांच्या मिळून ४ × ४ × ४ × ४ × ४, म्हणजे १०२४. तेवढेच खण, ३२ आडवे, ३२ उभे. नवा ठसा आला की थेट त्याच्या खणात बघायचं. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचा जगातला पहिला विभाग उभा राहिला, तो याच्या जोरावर. १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डानं हीच पद्धत घेतली, नाव मात्र हेन्रीचं लागलं. हकचा वाटा मोठा होता हे पुढं खुद्द हेन्रीनं लिहून दिलं. तुम्ही हेन्रीपेक्षाही हेन्रीचे!

चूक दाखवा, लगेच दुरुस्त करतो, आत्ताच केली. पण माझं गाव काढू नका, आणि त्या दोघांना कारकून म्हणू नका.