दोन स्ट्राइक झाल्यावर तरी बॅट आखूड धरा

बेसबॉलमधल्या आमच्या शिकागो कब्स टीमच्या बॅटिंगवर वाद सुरू झाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "समोर पिचरच (चेंडू टाकणारा) तसला होता, कोण काय करणार?" हे मला अजिबात पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला २०१५ चा ऑक्टोबर पुरेसा आहे.

त्या वर्षी शिकागो कब्स ९७ मॅच जिंकले होते. क्रिस ब्रायंट रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला होता, शिवाय रिझो, श्वार्बर, सोलेर हे बॅटर. तरणीताठी पोरं, मनगटात प्रचंड ताकद. नॅशनल लीगच्या फायनलला समोर न्यूयॉर्क मेट्स. सीझनमध्ये दोघांच्या सात मॅच झाल्या होत्या आणि सातही कब्सनी जिंकल्या होत्या. मग मेट्सनी आपले चार पिचर एकामागून एक उभे केले: मॅट हार्वी वय २६, नोआ सिंडरगार्ड २३, जेकब डीग्रॉम २७, स्टीवन मॅट्झ २४. निकाल ४-२, ४-१, ५-२, ८-३. चारही मॅच गेल्या. चार मॅचमध्ये मिळून आमचे रन आठ! पूर्ण सिरीजमध्ये कब्स एकदाही आघाडीवर नव्हते. हार्वीने नऊ, सिंडरगार्डने नऊ आणि डीग्रॉमने सात जणांना स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं. आठपैकी पाच रन होम रनवर आले, म्हणजे चेंडू कुंपणाबाहेर गेला तरच धावफलक हलायचा, नाहीतर सगळं ठप्प.

भारतातल्या मित्रांसाठी थोडक्यात: बॅट हुकली किंवा चांगला चेंडू सोडून दिला की स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. पण दोन स्ट्राइकनंतर चेंडू नुसता लागून फाऊल, म्हणजे रेषेबाहेर गेला, तर तो बाद होत नाही, पिचरला परत टाकावं लागतं. बॅटर कितीही वेळा असं करू शकतो. ताशी ९८ मैलांचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात अंगावर येतो, त्यामुळे हे बोलण्याइतकं सोपं नाही हे मला मान्य आहे. तरीही हाच बॅटरच्या हातातला सगळ्यात मोठा हक्क आहे, आणि कब्सचे बॅटर तो सोडून देत होते. पहिल्या चेंडूला जो जीव खाऊन स्विंग, तोच दोन स्ट्राइक झाल्यावरही. २०१५ च्या सीझनमध्ये कब्स १,५१८ वेळा स्ट्राइकआऊट झाले, सगळ्या तीस टीममध्ये सर्वाधिक. एकट्या ब्रायंटचे १९९.

आता पुढचा आठवडा बघा. तेच मेट्स, तेच पिचर, समोर कॅन्सस सिटी रॉयल्स. रॉयल्समध्ये ब्रायंटच्या ताकदीचं कुणी नव्हतं, पण त्या सीझनमध्ये ते ९७३ वेळाच स्ट्राइकआऊट झाले होते, सगळ्या टीममध्ये सर्वात कमी. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे सीझनच्या अंतिम लढतीच्या दुसऱ्या मॅचला डीग्रॉमच्या जवळजवळ शंभर चेंडूंपैकी फक्त तीनवर रॉयल्सची बॅट हुकली. फाऊल, फाऊल, मग एखादा साधा सिंगल (एका बेसचा फटका), पुन्हा फाऊल. पाचव्या इनिंगमध्ये चार रन निघाले आणि डीग्रॉम संपला. बुमराहचा स्पेल जसा एकेरी-दुहेरी काढत खेळून काढतात, तसंच हे होतं.

चेंडू खेळात राहिला की सगळ्या फील्डरना काम करावं लागतं, आणि माणूस आहे, चुकणारच. कब्सविरुद्ध चारही मॅचमध्ये होम रन मारून हिरो झालेला मेट्सचा डॅनियल मर्फी आठवतोय? वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या मॅचला आठव्या इनिंगमध्ये एक सरपटत आलेला चेंडू त्याच्या ग्लोव्हखालून गेला आणि मॅच फिरली. पाचव्या मॅचला हार्वीने आठ इनिंग एकही रन दिला नव्हता. नवव्या इनिंगलाही मीच टाकणार म्हणून तो हटून बसला. रॉयल्सच्या केनने वॉक काढला (चार वाईट चेंडू सोडून फुकट पहिला बेस), हॉस्मरने डबल (दोन बेसचा फटका) मारला. शेवटी पेरेझचा तिसऱ्या बेसकडे एक साधा ग्राउंडर (सरपटी फटका), मेट्सच्या राइटने तो पहिल्या बेसला डूडाकडे टाकला तेवढ्यात हॉस्मर रन काढायला होम प्लेटकडे सुटला. डूडाचा थ्रो भरकटला, स्कोअर २-२. बाराव्या इनिंगला रॉयल्स ७-२ ने जिंकले आणि सिरीज ४-१. हॉस्मरचं ते धावणं मी आजही उत्साहाने लोकांना दाखवतो. पेरेझने तिथे स्ट्राइकआऊट दिला असता तर ते घडलंच नसतं.

आकडेवारीवाले मित्र म्हणतात, बाद म्हणजे बाद, स्ट्राइकआऊट काय आणि ग्राउंडर काय. उलट ग्राउंडरवर डबल प्लेचा, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद होण्याचा धोका. शिवाय जबरदस्त पिचरसमोर सलग तीन सिंगल मिळणं दुर्मीळ, म्हणून एका होम रनची वाट बघणंच शहाणपणाचं. या म्हणण्यात तथ्य आहे, सिंडरगार्डने तर रॉयल्सनाही तिसऱ्या मॅचला हरवलं. पण हे गणित १६२ मॅचच्या सरासरीचं आहे. ऑक्टोबरच्या एका रात्री, एका तरुण पिचरचे चेंडू वाढवून त्याला सहाव्या इनिंगआधी बाहेर काढणं यालाही मोल आहे, आणि ते बॅटरच्या नावावर रकान्यात लिहिलं जात नाही.

कब्सना स्वतःला हे कळलं होतं असं मला ठाम वाटतं. त्या हिवाळ्यात त्यांनी बेन झोब्रिस्टला घेतलं, रॉयल्सच्याच त्या टीममधला चिवट बॅटर. ब्रायंटने स्विंग सपाट केला, त्याचे स्ट्राइकआऊट १५४ वर आले आणि तो एमव्हीपी (लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू) झाला. टीमचे स्ट्राइकआऊट १,३३९ वर आले. तरीही २०१६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये क्लीव्हलंडने दोन मॅचमध्ये त्यांना एकही रन काढू दिला नाही, म्हणजे जादू वगैरे झाली नव्हती. पण सातव्या मॅचच्या दहाव्या इनिंगला, पावसाच्या खंडानंतर, डाव्या रेषेलगत तो डबल मारला झोब्रिस्टनेच. १९०८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज त्या फटक्यावर आली.

आज परिस्थिती जास्त बिकट आहे. २०१८ मध्ये मेजर लीगमध्ये इतिहासात पहिल्यांदाच हिटपेक्षा स्ट्राइकआऊट जास्त झाले. २०२४ मध्ये लीगची बॅटिंग सरासरी ०.२४३ होती, म्हणजे चारात एक हिटही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात पिट्सबर्गचा पिचर पॉल स्कीन्स, वय २१, करिअरची दुसरीच मॅच खेळायला रिगलीला, कब्सच्या मैदानावर आला. पहिले सातही बॅटर स्ट्राइकआऊट, सहा इनिंगमध्ये ११, हिट शून्य. तो आमच्याच डिव्हिजनमध्ये (लीगमधल्या गटात) आहे, दरवर्षी समोर येणार.

म्हणून कब्सच्या निको हर्नरला ताकद नाही म्हणून नाकं मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. तो चेंडूला बॅट लावतो. स्कीन्ससमोर मला लाइनअपमध्ये असे तीन-चार जण हवेत, आणि होम रन मारणाऱ्यांनीही दोन स्ट्राइकनंतर बॅट दोन बोटं वर धरावी. याबदल्यात सीझनचे दहा-पंधरा होम रन कमी झाले तरी माझी काही तक्रार नाही.