मावशींच्या कागदावर शून्य मी लिहिलं

चर्चमधल्या उपासनेहून घरी येऊन तासभर झाला. भात निवला, आमटीवर साय धरली, आणि मी फोन घेऊन बसले आहे. लेक विचारतोय, "आई, कुणाशी भांडतेस?" नावं घेणार नाही. पाळकसाहेबांचं नाही, पाहुण्यांचं नाही, आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचंही नाही. वास्कोतल्या आपल्या लोकांना कळेल तेवढं पुरे.

आज शिबिर होतं. 'आपले कृपादान ओळखा.' कृपादान म्हणजे पवित्र आत्मा सेवेसाठी ज्याला त्याला देतो ते दान. बाहेरून वक्ते आले होते. प्रत्येकाच्या हातात 60 प्रश्नांची झेरॉक्स, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण. मराठी अशी की "मी इतरांना सक्षम होण्यास सक्षम करतो/करते". शेवटी बेरीज करायची, ज्या रकान्यात जास्त गुण ते तुमचं कृपादान. दहावीचा कल तपासायचे ना, तसं.

आमच्या मावशींना वाचता येत नाही. नवरा गोदीत कामाला म्हणून मिरजेकडून वास्कोत आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांचा कागद मी भरला.

"आजारी माणसाजवळ बसल्यावर तुम्हाला समाधान मिळतं का?"
"समाधान कसलं गं? जीव नुसता खालवर हुतोय."
मी लिहिलं, 0.
"न थकता दुसऱ्यांची सेवा करता का?"
"दमायला हुतंय की. गुडघं बोलत्यात."
0.
"लोक तुमच्या सेवेची वाखाणणी करतात का?"
"कसली सेवा?"
0.

दयेच्या रकान्यात 18 पैकी 2. ते दोनही मी जबरदस्तीनं घातले.

मग वक्ते म्हणाले, ज्यांना एकाही रकान्यात 10 च्या वर गुण नाहीत त्यांनी पुढे या, प्रभू त्यांना कृपादान देवो म्हणून प्रार्थना करू. शाळेतली तीन पोरं उठली आणि मावशी उठल्या. डोक्यावर पदर घेऊन, त्या पोरांच्या ओळीत, मान खाली घालून उभ्या राहिल्या. प्रार्थना झाल्यावर मागच्या मोरीवर गेल्या आणि प्रभुभोजनाचे पेले धुवायला बसल्या. दर वेळी त्याच धुतात. मला आठवतं तेव्हापासून.

आता माझी गोष्ट सांगते, म्हणजे मी का पेटले ते कळेल. 2019 च्या पावसात लेकाला डेंग्यू झाला. प्लेटलेट 18 हजारांवर. नवरा जहाजावर, सासर-माहेर दोन्ही घाटावर. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात अॅडमिट केलं. मंडळीतून फोन पुष्कळ आले, प्रार्थनाही झाल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण संध्याकाळी दारात उभ्या राहिल्या त्या मावशी. कुठ्ठाळीच्या ट्रॅफिकमधून कदंबा बसगाड्या बदलत, छत्री मोडलेली, हातात पेजेचा डबा, वर खारातली कैरी. नऊ रात्री आल्या. मोठ्यानं प्रार्थना केली नाही, वचन सांगितलं नाही. पोराचे तळपाय चोळत बसायच्या आणि मला म्हणायच्या, "तू नीज." आणि मी झोपायचे! आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर, पोर आत असताना, मला झोप लागायची. याला कुठला रकाना आहे हो?

अजूनही दर गुरुवारी जातात. कुणी ओळखीचं नसलं तरी. वॉर्डात एकटं दिसेल त्याला पेज.

बायबलमधल्या, पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय आपण सगळे तोंडपाठ म्हणतो. त्याच अध्यायाच्या शेवटी यादी आहे: प्रेषित, संदेष्टे, शिक्षक, मग चमत्कार, मग रोग बरे करणारे, मग मदत करणारे, मग व्यवस्था पाहणारे, आणि सगळ्यात शेवटी अन्य भाषा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेनं न शिकलेल्या भाषा, बोलणारे. मदत करणारे अन्य भाषांच्या आधी आहेत! आमच्याकडे मात्र माइक कुणाच्या हातात त्यावरून कृपादान ठरतं. आणि शरीराचे जे अवयव दुबळे दिसतात तेच जास्त गरजेचे, हेही त्याच अध्यायात आहे. तो भाग आज वाचलाच नाही. वेळ नव्हता. बिर्याणी आली होती.

बायबलमधली यापो गावची टबीथा मेली तेव्हा विधवांनी प्रेषित पेत्राला काय दाखवलं? तिने शिवलेले अंगरखे. बेरजेचा कागद नाही.

अन्य भाषांची थट्टा करतेय असं कुणी समजू नका. माझी आजी केडगावची होती. 1905 साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं त्याच्या गोष्टी ऐकतच मी वाढले. रात्र रात्र मोठ्यानं प्रार्थना करणाऱ्या त्या मुली कोण होत्या? कितीतरी जणी दुष्काळातून उचलून आणलेल्या. त्याच मुली शेतात राबत होत्या, स्वयंपाक करत होत्या, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होत्या. आत्म्याचं काम वेगळं आणि चुलीचं वेगळं, अशी वाटणी तिथे कुणी केली नव्हती. (आमच्या इमारतीतल्या कॅथलिक काकू कपेलातल्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरातल्या, लादाईनीच्या सामूहिक प्रार्थनेला दरवर्षी पातेलंभर चणे उकडतात. त्यांच्याकडे अजून असा कागद आलेला नाही, सुखी आहेत.)

बरं, एक मान्य करते. गेल्या वर्षी असाच एक कागद भरून कॉलेजातला एक लाजाळू मुलगा पुढे आला आणि आज संडे स्कूलमध्ये माझ्यापेक्षा चांगलं शिकवतो. कागद नसता तर तो मागच्या खुर्चीतच राहिला असता. ठीक आहे. पण त्याला चार महिने जवळून पाहणारं कुणी असतं तर कागदाविनाही कळलं असतं. दान आपल्या आपल्याला कुठे दिसतं? ते ज्याच्या अंगावरून जातं त्याला दिसतं. मावशींना विचारून काय उपयोग, मला विचारायचं होतं.

आणि इथे लिहिता लिहिता हात थांबला. कारण मी तिथेच बसले होते ना. पेन माझ्याच हातात होतं.

खरं सांगू? माझ्या कागदावर 'शिक्षण' 16 आलं होतं. 18 पैकी 16. मी खूश होते. शेजारणीला दाखवलंसुद्धा. त्या खुशीतच मावशींची उत्तरं भराभर लिहिली, त्या जे बोलल्या तेच. नऊ रात्री माझ्या पोराचे पाय चोळणाऱ्या बाईसमोर बसून "सेवा करता का" असं वाचलं आणि "कसली सेवा" म्हणाल्यावर शून्य काढलं. त्या पुढे गेल्या तेव्हा उठून "थांबा, यांचं मला माहीत आहे" एवढं म्हणता आलं असतं. चाळीस कुटुंबांसमोर. नाही म्हटलं. पाहुण्यांना अवघडल्यासारखं होईल असं वाटलं! पाहुण्यांवर ओरडतेय मघापासून, ते बिचारे मावशींना पहिल्यांदा बघत होते. मी नव्हते.

आत्ताच त्यांना फोन केला. म्हटलं, मावशी, पुढे जावं लागलं, वाईट वाटलं का?

"वाईट कशापायी? डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली की त्यांनी. गुडघ्यासाठी बी करा म्हणलं."

मग म्हणाल्या, "गुरुवारी मोकळी हाईस का? वॉर्डात एक झारखंडची पोरगी हाय, तिची भाषा मला कळंना. तुला हिंदी येतंय."

रजेचा अर्ज टाकते आहे.