ध्यान जरूर करा, पण गोळ्या बंद करू नका

"श्रद्धा आणि ध्यान असेल तर औषधाची गरज उरत नाही" हे ध्यानावरच्या एका लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. मनात ताकद आहे, हे मला मान्यच आहे. 1978 साली अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला होता. नुसत्या खोट्या औषधाने ज्यांचं दुखणं कमी झालं, त्यांना नॅलोक्सोन, म्हणजे अफूसारख्या वेदनाशामकांचा परिणाम रोखणारं औषध, दिल्यावर ते परत वाढलं. म्हणजे विश्वासाने शरीर स्वतःच वेदनाशामक द्रव्य सोडतं! वेदना, मळमळ, झोप, भीती इथे मनाचं चालतं. जंतूंपुढे चालत नाही.

आमच्या सोलापुरात पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एका मावशींनी कुणा महाराजांच्या सांगण्यावरून टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या. बरं वाटायला लागलं होतं ना! ते गोळ्यांमुळेच, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आजार उलटला तो नेहमीच्या औषधाला दाद देईना. फार हाल झाले हो त्यांचे.

सिद्धेश्वराच्या देवळात बसलं की मलाही शांत वाटतं, आणि आजारपणात ती शांती लागतेच. लेखकांना हात जोडून विनंती, त्या वाक्यात "औषध चालू ठेवून" एवढे तीन शब्द घाला.