पश्चिम किनाऱ्यालगतचा प्राणवायू जातो कुठे?

पावसाळा सरताना मेलेल्या माशांच्या फोटोखाली एक मजकूर फिरतो: ‘किनाऱ्याजवळच्या समुद्रातला प्राणवायू फक्त सांडपाणी आणि खतांमुळे संपतो. आजोबांच्या काळात असं नव्हतं. प्रदूषण थांबवा, समुद्र पूर्ववत होईल.’ कळकळ खरी आहे, माझीही तीच आहे. पण मांडणी चुकीची आहे.

आधी आजोबांचा काळ. 1933-34च्या जॉन मरे या समुद्र-संशोधन मोहिमेत अरबी समुद्राच्या मधल्या थरांत प्राणवायू अगदी कमी असल्याचं नोंदलं गेलं. हा थर मुंबईसमोर किनाऱ्याकडे चढतो, हे 1959 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. शेतात खतांचा वापर वाढवणारी हरितक्रांती तेव्हा यायची होती.

आता ‘फक्त’ हा शब्द. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचं थंड, खारं, आधीच प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ भागात चढून येतं. त्यावर पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी हलकं म्हणून तरंगत राहतं. त्याची जाडी जेमतेम काही मीटर, पण झाकणासारखी घट्ट. ‘एवढ्या लाटा असताना पाणी ढवळत कसं नाही?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर हेच झाकण आहे. खालून आलेल्या पोषक द्रव्यांवर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, मरून तळाशी जातात, आणि त्यांना कुजवताना जीवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. मग प्राणवायूऐवजी ते पाण्यातलं नायट्रेट वापरतात, तेही संपलं की सल्फेट. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोर तळाच्या पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो तो यातूनच. पुढे प्रवाह उलटतो आणि प्राणवायू परततो.

मेक्सिकोच्या आखातातही प्राणवायू संपतो, पण ते उदाहरण इथे लावू नका. तिथे मिसिसिपी नदी शेतांतली खतं आणते, आणि तो दोष माणसाचाच आहे.

म्हणून आपण मोकळे सुटलो, असंही नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली ‘नेचर’मध्ये मांडलं की ही स्थिती तीव्र होत असावी आणि जमिनीवरून येणारी खतं त्याला कारण असू शकतात. मुळात प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात आपण आणखी भर घालावी, हे मला अजिबात मान्य नाही.

तेव्हा फोटो पुढे पाठवण्याआधी महिना आणि जागा विचारा. भर मे महिन्यात खाडीत मासे तरंगले असतील, तर मोसमी वाऱ्यांचं कारण तिथे चालणार नाही. तिथे आधी सांडपाण्याचा नाला तपासा.