चांदीचा पाळणा, हलशीचा माळ आणि क्वार्टरची बुचं

काका,

नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण प्रतिक्रियेत नातवाचा उल्लेख आहे, म्हणून काकाच म्हणतो.

मागच्या लेखात मी मलप्रभेच्या एका घाटापाशी गुडघाभर पाण्यात मेटल डिटेक्टर फिरवल्याचं लिहिलं होतं आणि सापडलेल्या चांदीच्या पाळण्याचा फोटो ‘आजची कमाई’ म्हणून टाकला होता. त्यावर तुमच्या तीन तक्रारी. हे दानपेटीत हात घालणं आहे. असले लेख वाचून पोरं खानापूर तालुक्यातल्या हलशीच्या माळावर खणायला जातील. आणि ‘मशीनला सोनं कळतं’ ही शुद्ध थाप आहे.

पाळण्याचं आधी, कारण तिथे मी चुकलो. सुपारीएवढा, काळा पडलेला, एक कडी तुटलेली. चांदीचा आवाज मशीनवर खणखणीत लागतो, पडद्यावरचा आकडा हलत नाही, म्हणून चिखल धुवायच्या आधीच मी खूश झालो होतो. पण तो कुणाच्या हातून पडला की कुणी नवस फेडून सोडला, हे मशीन सांगत नाही, आणि घाटापाशी मलाही ते ठरवता येत नाही. पुलाखाली पोरं दोरीला लोहचुंबक बांधून नाणी ओढतात (हल्लीचा स्टीलचा रुपया चिकटतो, जुना तांब्या-निकेलचा नाही), त्यांना कुणी काही बोलत नाही, असं उत्तर मी मनात जुळवलं होतं. पण त्या पोरांना वडापावला पैसे हवे असतात. मला फोटो हवा होता. पाळणा त्याच डोहात सोडून आलो, लेखातला फोटो काढलाय, आणि घाटांवर मशीन न्यायचं बंद केलंय.

हलशीबद्दल तुमचं-माझं भांडणच नाही, उलट तुम्ही सौम्य लिहिलंत. हलशी म्हणजे कदंब राजघराण्याची जुनी नगरी पलाशिका. तिथे मिळालेले ताम्रपट फ्लीट या इंग्रज अभ्यासकाने वाचून छापले, त्यांत काकुस्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा हे राजे आपल्याला नावानिशी भेटतात. हेच पत्रे एखाद्या हौशाच्या हाती लागून तांब्याच्या भावाने मोडीत गेले असते तर? बेळगावला लागूनच वडगाव-माधवपूरला सातवाहनकाळची वस्ती खणून काढली. तिथे नाणं कुठल्या थरात मिळालं, शेजारी कसलं खापर होतं, यावरच सगळा हिशेब मांडतात. उपटून खिशात घातलेल्या नाण्याला तो हिशेब राहत नाही. शिवाय जमिनीत पुरलेलं धन मिळालं तर ते शासनाला कळवावंच लागतं. त्यासाठी १८७८ चा केंद्राचा निखात निधी कायदा आहे आणि कर्नाटकाचा स्वतःचा १९६२ चा. ‘माझं शेत, माझं सोनं’ तिथे चालत नाही.

थापेचं मात्र मान्य नाही. म्हणजे अर्धं मान्य आहे. ‘दहा फुटांवरचं सोनं दाखवतो’ म्हणणारा माणूस थापाड्याच. अंगठीएवढी वस्तू माझं मशीन वीतभर खोलवर पकडतं, त्याखाली नशीब. आणि सोनं म्हणून वेगळं त्याला काही कळत नाही. मशीनच्या टोकाच्या तबकडीतून चुंबकीय क्षेत्र जातं, धातूत बारीक प्रवाह उठतो, त्याचा पडसाद मशीन ऐकतं, एवढंच. बारीक अंगठीचा पडसाद आणि गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचा पडसाद जवळजवळ एकच. कागद नको म्हणून तो आकडा बंद केलात की अंगठीही गेली. म्हणून वाजेल ते उकरायचं.

कारवारचं उदाहरण देतो. निपाणीकडच्या एका नव्या जोडप्याची अंगठी संध्याकाळी मांडीभर पाण्यात गेली. ओळखीतून फोन आला, दुसऱ्या दिवशी अणशी घाटाने पोचलो. आधी पोलिसांना सांगितलं, कारण तिथे नौदलाचा तळ आहे आणि किनाऱ्यावर डिटेक्टर घेऊन फिरणारा माणूस कुणालाही संशयितच वाटणार. (तळाचं नाव आयएनएस कदंबा. कदंब काही माझी पाठ सोडत नाहीत.) पौर्णिमेची ओहोटी असल्याने पाणी चांगलं मागे गेलं होतं. मुलीने दाखवलेल्या जागेभोवती काठ्या रोवल्या आणि किनाऱ्याला समांतर, आधीच्या पट्ट्यावर थोडं चढवत, पट्टे मारत गेलो. खारं पाणी स्वतःच वीज वाहतं, त्यामुळे माझं पहिलं स्वस्तातलं मशीन तिथे प्रत्येक लाटेला ओरडायचं. आताचं एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं, म्हणून ओल्या वाळूत गप्प राहतं. तीन तासांत क्वार्टरची अकरा बुचं, एक चमचा, छत्रीची तार. मग एक मऊ, बुटका आवाज. बूचच म्हणून जाळीचा फावडा मारला. वाळू गळून गेली आणि तळाशी अंगठी.

मुलगी रडायलाच लागली. नवरा म्हणाला, ‘तुमचं काय द्यायचं झालं?’ चहा घेतला.

आता सांगा, हे दानपेटीतलं आहे का? धनी समोर उभा आहे, कुठे पडली ते सांगतोय. आणि धनी समोर नसला तरी सापडलेली वस्तू लगेच आपली होत नाही. १८७२ च्या करार कायद्यातलं ७१ वं कलम सापडणाऱ्यावर ती नीट सांभाळायची जबाबदारी टाकतं. माझ्याकडे दोन अनोळखी अंगठ्या तशा पडून आहेत, दोन्हींची नोंद चौकीत आहे.

राहिला तुमचा नातू, ज्याला ऑनलाइन मशीन हवंय. खेळण्यातलं घेऊ नका. खानापूरच्या लाल मातीत लोखंडच इतकं की ते नुसतं कटकट करत बसेल आणि पोरगं रुसेल. पावसाळा सरला की कारवारला या, माझं मशीन त्याच्या हातात देतो. पायात बूट हवेत, वाळूत काचा असतात. तासाभरात वीस-पंचवीस बुचं उकरली की बहुतेक पोरांचा नाद तिथेच सुटतो. नाही सुटला तर तुमची दुसरी प्रतिक्रिया येईलच, तीही ऐकून घेईन.